अध्यक्षाचा मुलगा लढायला गेला होता का?

हर्नडन, व्हर्जिनिया
१२ नोव्हेंबर २००७

प्रल्हाद,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नको. शरयू गेली त्याला तीन वर्षं झाली. बहिणीच्या तेराव्याला तू आलास आणि पाण्याचा पेलासुद्धा न उचलता गेलास, तेव्हाच लिहायला हवं होतं. मग अनिलनं मला इकडं आणलं. इथं रोज वाटायचं, उद्या लिहू. पिनकोड मला आठवतो तोच असेल ना? नसला तरी पोस्टमन आणून देईल. सुभेदारांचं घर गावात कुणाला माहीत नाही?

माझी तब्येत बरी आहे. छातीत अधूनमधून धडधडतं, डॉक्टर म्हणतो काही नाही. काही नाही तर धडधडतं कशाला, ते सांगत नाही.

काम असं आहे की अंकुरला इथल्या फौजेत जायचंय.

अंकुर म्हणजे अनिलचा एकुलता एक. इथंच जन्मला, त्यामुळं इथलाच. आमच्या ओळखीतली बाकीची मराठी पोरं डॉक्टर-इंजिनियर व्हायचे फॉर्म भरतायत आणि हा म्हणतो मी शाळा संपली की सोल्जर होणार. इराकची लढाई चालू आहे हे तुला पेपरात दिसतच असेल. तो सतरा वर्षांचा आहे, म्हणून आईबापाची दोघांची सही लागते. सूनबाई रेणू सही करत नाही. अनिल हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही, लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसतो. पण एप्रिलमध्ये पोरगा अठराचा होईल. मग कुणाची सही लागत नाही.

शेजारी काइल नावाचा पोरगा आहे. पूर्वी आमच्या अंगणातलं गवत तोच कापायचा. इराकला जाऊन आला. आता घराच्या पायरीवर बसून असतो, हाक मारली तर हात वर करतो, बोलत नाही. मी अंकुरला म्हटलं, "त्याच्याकडं बघ आणि मग बोल." तर म्हणतो, "त्याच्याकडे बघूनच बोलतोय आजोबा. आपलं लॉन पण त्यानेच कापायचं आणि लढायला पण त्यानेच जायचं? दॅट्स नॉट राइट."

तू त्याला चार ओळी लिही. नको जाऊ म्हण. लढाई पाहिलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकेल. माझं काय ऐकणार? मी कराड डेपोत एस.टी.चे टायर बदलले.

आणखी एक सांगतो. त्याच्या खोलीत भिंतीवर एका माणसाचं चित्र आहे. गाल बसलेले, डोळे खोल. मला वाटलं कुणी उपाशी मास्तर असेल.

"हे कोण रे?"

"हा लिंकन, आजोबा. प्रेसिडेंट होता. सिव्हिल वॉर माहितीये ना?"

"नाही."

"गुलाम ठेवायचे की नाही यावरून अर्धा देश अर्ध्या देशाशी लढला. चार वर्षं. सहा लाख माणसं मेली. माझा शाळेचा मोठा एसे आहे त्याच्यावर."

"शिकलेला किती होता?"

"शाळेत? सगळं मिळून एक वर्षपण नाही."

मी उठून बसलो. "मी सातवी पास आहे."

"मग तुम्ही इलेक्शनला उभे राहा आजोबा!"

पोरगं थट्टा करतं, पण मला त्या माणसाची गोडीच लागली. रोज संध्याकाळी काहीतरी विचारतो. लढाईची तार ज्या हापिसात यायची तिथं तो स्वतः चालत जायचा म्हणे, आणि बातमीची वाट बघत बसायचा. एवढा देशाचा अध्यक्ष! एकाहत्तर साली पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की तुझी आई हातातलं टाकून दारात यायची, तिची आठवण झाली.

मग माझ्या डोक्यात आलं, याला मुलं होती का? आणि होती तर त्यांतला कुणी लढायला गेला का? अंकुरला विचारलं. "गुड क्वेश्चन, बघून सांगतो" म्हणाला. अजून सांगितलं नाही. त्याला माहीत असावं, मुद्दाम सांगत नसावा असा मला संशय आहे.

अनिल सैनिक शाळेची परीक्षा पास झाला होता, तू त्याला न्यायला आला होतास आणि मी पाठवलं नाही. तो विषय मी काढत नाही. तूही काढू नको. अंकुरला तेवढं लिही.

तुझा दाजी,
हिंदुराव


हर्नडन
१८ फेब्रुवारी २००८

प्रल्हाद,

तुझं पत्र नाही. टपालात गहाळ झालं असेल असं मी धरून चाललोय.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

या महिन्यात लिंकनची जयंती असते. आपल्याकडं शाळेत एखाद्या पोराला दाढी चिकटवून शिवाजी करतात ना, तसं इथं मोठी माणसं लिंकन होतात. शनिवारी लायब्ररीत एक आला होता. सहा फुटांच्या वर उंच, काळा कोट, उभी टोपी. मूळचा शाळामास्तर, आता रिटायर. पण त्या वेषात असला की स्वतःला 'मी'च म्हणतो. "विचारा मला काय ते," म्हणाला.

अंकुर मला आणि दिगंबररावांना गाडीतून घेऊन गेला. दिगंबरराव नागपूरचे, कोर्टात नाझर होते, सध्या मुलीकडं राहतात. आमचं रोजचं फिरणं बरोबर असतं. इंग्रजी फाडफाड बोलतात आणि मला अडाणी समजतात, पण माणूस चांगला आहे.

बारकी पोरं विचारत होती, दाढी का ठेवली? तर एका मुलीनं पत्र लिहून सांगितलं होतं, दाढी ठेव, चेहरा बरा दिसेल. याच्या सरकारी घरात त्याच्या मुलानं बोकडं पाळली होती हेही कळलं. सगळे हसत होते. मी हात वर केला.

"आजोबा, प्लीज," अंकुर म्हणाला.

"मला बोलता येत नाही. तूच विचार. म्हणावं, चार वर्षं तू लोकांची पोरं पाठवलीस. तुझा पोरगा गेला होता का?"

अंकुर कानापर्यंत लाल झाला. पण त्यानं विचारलं, शब्दन् शब्द विचारला असणार, कारण पुढं बसलेले सगळे वळून माझ्याकडं बघायला लागले. त्या माणसानं टोपी काढून टेबलावर ठेवली.

तो सांगत गेला आणि अंकुर मला अडखळत मराठीत सांगत गेला. "मोठा मुलगा रॉबर्ट. कॉलेजात होता. त्याला जायचं होतं. आई नाही म्हणायची. तिची दोन मुलं आधीच गेली होती, आजारानं. एक तर लढाई चालू असताना, त्याच घरात. लोक टोमणे मारायचे की दुसऱ्यांची मुलं मरतायत आणि तुझा शिकतोय." इथं अंकुर थांबला.

"पुढं?"

"पुढं... अगदी शेवटी गेला. वॉर संपायला थोडे महिने राहिले होते. मी जनरलला पत्र लिहिलं. म्हटलं, हे प्रेसिडेंटचं समजू नको, मित्राचं समज. माझ्या मुलाला तुझ्याजवळच्या माणसांत घेशील का?"

"वशिला!" माझ्या तोंडातून मोठ्यानं निघून गेलं.

दिगंबरराव खुर्चीत हलायला लागले. "घ्या जी! म्हणजे इथंही आपल्यासारखंच! मी उगाच घाबरत होतो ना या देशाला."

मास्तरनं विचारलं, हे काय म्हणाले? अंकुर सांगेना. मग दिगंबररावांनी वशिला म्हणजे काय ते त्याला चांगली पाच मिनिटं समजावून सांगितलं, कोर्टातल्या दाखल्यांसकट. तो हसला. मग म्हणाला, "लोकांची पोरं पुढं आणि माझा मागं हे बरोबर होतं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही." हे लिंकन म्हणून म्हणाला की मास्तर म्हणून, ते मला कळलं नाही.

परत येताना गाडीत अंकुर म्हणाला, "तुम्ही हे माझ्यासाठी विचारलंत ना? मला अडवायला?"

"मला खरंच जाणून घ्यायचं होतं रे."

दोन्ही खरं होतं.

पण तेव्हापासून मला हलकं वाटतंय. एवढ्या मोठ्या माणसानं पोराला मागं, जनरलच्या तंबूजवळ ठेवून घेतलं. मग मी शब्द टाकला तर काय बिघडलं? जनरल माझ्या ओळखीचा नाही, पण भरतीचं हापिस आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं आहे. अशा ठिकाणी कसं बोलावं, आधी कुणाला भेटावं, हे तुला माहीत आहे. लगेच कळव.

तुझा दाजी,
हिंदुराव


हर्नडन
१९ मार्च २००८

प्रल्हाद,

तुझ्या मीनाक्षीचा फोन आला होता. म्हणाली, "आत्याबा, बाबा तुमचं पत्र दोनदोनदा वाचतात, पाकिटात परत घालतात आणि म्हणतात, पुढं काय केलं म्हाताऱ्यानं?" एवढं कुतूहल आहे तर दोन ओळी लिहायला हात दुखतो का तुझा?

पुढं काय केलं ते सांगतो. हसायचं असेल तर घरात हस, पारावर सांगू नको.

आम्ही दोघं भरतीच्या हापिसात गेलो. दुकानांच्या ओळीतच आहे ते, एका बाजूला पिझ्झावाला, दुसऱ्या बाजूला नखं रंगवायचं दुकान. दिगंबरराव वाटेत म्हणत होते, "काहून जाता भाऊ? अपमान करून घ्याल." पण मजा बघायला आले. मी बरोबर शाल, नारळ आणि पेढ्यांचा डबा घेतला होता. आपल्याकडं डेपो मॅनेजर नवा आला तरी शाल-श्रीफळ देतात, हा तर फौजेचा माणूस.

आत बघतो तर साहेब म्हणजे बाई! सार्जंट. वय तिशीच्या आतलंच, केस घट्ट बांधलेले. आता बाईच्या खांद्यावर शाल कशी घालणार? मी दोन्ही हातांनी पुढं धरली. ती उठून उभी राहिली. नारळ तिच्या टेबलावर ठेवला, तो गडगडत जाऊन कागदांच्या ट्रेला अडला. तिनं तो उचलून कानाशी हलवून बघितला.

दिगंबररावांनी सांगितलं, "यांचा नातू अंकुर तुमच्याकडे येतो. यांचं म्हणणं आहे की त्याला घ्यायचंच असेल तर जनरलच्या जवळ ठेवावं. प्रेसिडेंट लिंकनच्या मुलाला ठेवलं होतं तसं."

बाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मला वाटलं आता हाकलते. पण तिनं खुर्च्या ओढून दिल्या. म्हणाली, "सर, मला काहीही घेता येत नाही. नियम आहे." मी म्हटलं, पेढा तरी. तिनं एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदावर ठेवला. म्हणाली, "मी दोनदा इराकला जाऊन आले. माझी आई रोज चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, तुमच्यासारखंच मागायची. तुमच्या नातवाला कुठे पाठवतील ते माझ्या हातात नाही. असतं तरी मी तुम्हाला शब्द दिला नसता. पण तुम्हाला खोटंही सांगणार नाही." तिच्या टेबलावर एका बारक्या मुलीचा फोटो होता. ही इराकला गेली तेव्हा पोरीला कोण बघत होतं, हे मला विचारायचं होतं. दिगंबरराव म्हणाले, पुरे जी.

शाल आणि नारळ घेऊन परत आलो. अंकुरला तिनंच सांगितलं असावं. संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला.

"आजोबा, तुम्ही तिथे गेलात? विथ अ कोकोनट?"

"रिकाम्या हातानं कसं जायचं?"

रेणू पोळ्या लाटत होती. तिला आधी हसू आलं, मग हसता हसता रडू आलं, आणि पोळी तव्यावर जळली. गेले सहा महिने ती या विषयावर तोंड उघडत नव्हती. ती म्हणाली, "निदान कोणीतरी काहीतरी केलं. अनिल, तू तर गप्पच बसलायस."

अंकुर चिडलेला होता, पण ओरडला नाही. माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसला. "समजा त्यांनी तुमचं ऐकलं. मला मागे ठेवलं. मग पुढे कोण जाणार? मला सांगा ना. हूज ग्रँडसन?"

मी पाण्याचा ग्लास उचलला.

अनिलला न्यायला आलास त्या दिवशी तू आमच्या ओसरीवर उभं राहून हेच विचारलं होतंस. अनिल दप्तर घेऊन दारात होता. "दाजी, मग कुणाची पोरं पाठवायची?" मी म्हणालो होतो, "ज्यांच्या घरात पाचपाच आहेत त्यांची." तुम्ही पाच भाऊ. तुझी आई आतच बसली होती, तिनं ऐकलं.

तुला वाटेल म्हातारा आता माफी मागणार. मी मागत नाही. मला एकच होता. आजही कुणी न्यायला आलं तर मी दारात आडवा पडेन. पण पोराच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडं, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा दाजी,
हिंदुराव


हर्नडन
२२ जून २००८

प्रल्हाद,

अंकुर गेला. मंगळवारी. जॉर्जिया राज्यात ट्रेनिंग आहे.

एप्रिलमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. त्या दिवशी केक कापला आणि मी रात्रभर दाराकडं कान देऊन पडलो. गेला नाही. दुसऱ्या दिवशी आईला म्हणाला, "आता तुझी सही लागत नाही. पण तू हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही." ती म्हणाली, "मग तू कधीच जाणार नाहीस." "ओके," म्हणाला, आणि भांडी मशीनमध्ये लावायला लागला. एप्रिल गेला, मे गेला. या ओकेनं तिला जास्त छळलं. भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

दरम्यान माझं लिंकनचं चालूच होतं. दिगंबररावांनी लायब्ररीतून ते पत्र आणून मला समजावून सांगितलं, जनरलला लिहिलेलं. नुसता वशिला नव्हता तो. तो लिहितो की मुलाला साध्या शिपायांत घालावंसं मला वाटत नाही, पण इतके दिवस जे लढले त्यांच्या हक्काची जागाही त्याला द्यायची नाही. त्याचा खर्च मी करीन, लोकांच्या पैशातून नको. म्हणजे मागतोही आणि लाजतोही. मला तो माणूस तेव्हा खरा समजला.

पण पुढचं ऐक. मुलगा जनरलपाशी राहिला, सुखरूप राहिला. शत्रू शरण आला तेव्हा तिथं हजर होता. घरी परत आला, सकाळी बापाबरोबर न्याहारी केली. त्याच रात्री बापाला नाटकाच्या थिएटरात गोळी घातली. पोरगा लढाईतून आला, आणि बाप आपल्या गावात, खुर्चीवर बसलेला गेला. मी दिगंबररावांना म्हटलं, परत एकदा वाचा. त्यांनी परत वाचलं. तेच होतं. मग मी काळजी नेमकी कुठं ठेवायची? इतकी वर्षं मी ती एकाच दारावर राखणीला ठेवून बसलो होतो.

हे मी घरात जेवताना सांगितलं. कुणाला सांगतोय असं नव्हे, सांगितलं. रेणू ताटावरून उठली नाही. म्हणाली, "बाबा, त्याची आई? दोन मुलं आधीच गेलेली, मग नवरा. तिचं काय झालं?" मी म्हटलं, ते अजून विचारलं नाही.

नंतरच्या रविवारी ती गॅरेजमध्ये स्टूल मांडून अंकुरला हाक मारत होती. हातात केस कापायचं मशीन. तिकडं गेल्या गेल्या सगळ्यांचं डोकं भादरतात, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि तेच तिच्या मनात रुतलं होतं. आईबाप जिवंत असताना पोराचं डोकं भादरायचं, तेही परक्यानं, हे तिला सोसवेना. म्हणाली, "कापायचेच असतील तर मी कापीन."

अंकुर आला. स्टुलावर बसला. अनिल दारात उभा होता. मशीन दोनदा अडलं. मध्येच अनिल पुढं झाला आणि पोराचे दोन्ही खांदे धरून उभा राहिला. जावळाला मामा लागतो मांडीवर घ्यायला. अनिलचं जावळ तुझ्या मांडीवर निघालं होतं, तू सुट्टीवर आला होतास, त्यानं तुझी वर्दी भिजवली होती. इथं मामा कुठला? बाप उभा राहिला.

सगळं झाल्यावर अंकुरनं डोक्यावरून हात फिरवला. "आई, इज धिस अ येस?"

"झाडू आण," ती म्हणाली. "सगळीकडे केस झालेत."

तर तो गेला. अनिल आणि रेणू सोडायला गेले होते. मी घरी थांबलो, छातीत धडधडत होतं. काइल पायरीवर बसला होता, त्याच्या शेजारी जाऊन बसलो. आम्हा दोघांनाही बोलायचं नव्हतं, बरं झालं.

आता ऐक, हे महत्त्वाचं. तिथं त्यांना फोन देत नाहीत. फक्त पत्रं पोचतात. अनिलनं पत्ता इंग्रजीत वेगळ्या कागदावर लिहून दिलाय, तोच पाकिटावर चिकटव. त्याला मराठी बोललेली सगळी कळते, वाचायला जड जाते. फौजेत तुम्ही हिंदी इंग्रजी अक्षरांत लिहायचात ना, तशी मराठी लिही. अक्षर मोठं काढ.

पहिल्या पत्रात मी म्हटलं होतं त्याला नको जाऊ म्हण. ते आता लिहू नको. बूट ओले राहिले तर पायांचं काय करायचं ते लिही. वरचा अधिकारी आईवरून शिव्या देतो तेव्हा कुठं बघायचं ते लिही. घर आठवलं की तू काय करायचास? भीती वाटली होती का तुला, एकाहत्तरला? तू परत आलास तेव्हा शरयूनं तुला ओवाळलं, मी सायकलवरून कामावर निघून गेलो. कधी विचारलंच नाही. मला सांगू नको, त्याला सांग. तो आला की मी त्याच्याकडून ऐकेन.

मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण त्याला पत्र टाकलंस एवढं मीनाक्षीला फोन करायला सांग. ती नसली तर कुणालाही सांग. रात्र असली तरी करा, मी जागाच असतो. लवकर कळव.

तुझा दाजी,
हिंदुराव